स्नॉर्केल

पाण्याखालून डिझेल इंजिने चालवता यावीत म्हणून पाणबुडीतून वर काढलेली हवेची नळी. पाणबुडी पेरिस्कोप पाण्यावर काढता येईल एवढ्याच खोलीवर असताना नळीचे डोके लाटांवर येते. हवा आत ओढली जाते, धूर दुसऱ्या नळीने बाहेर पडतो आणि तेवढ्यात बॅटरी चार्ज होते. ब्रिटिश परंपरेतील ‘स्नॉर्ट’ हा शब्द भारतीय नौदलातही रूढ आहे.

मूळ कल्पना कोणाची, याबद्दल मतभेद आहेत. स्कॉट्स या ग्रीनॉकच्या गोदीतील जेम्स रिचर्डसन याने 1916 मध्ये तिचे एकस्व (पेटंट) घेतले. ते वापरात आले नाही. इटलीच्या पेरिक्ले फेरेत्ती याने 1925 च्या सुमारास एच-3 पाणबुडीवर चाचण्या केल्या. डच नौदल अधिकारी विखर्स याची रचना ओ-19 या डच पाणबुडीवर बसली. 1940 मध्ये अशा काही डच पाणबुड्या जर्मनांच्या हाती लागल्या; त्यांनी 1943-44 पासून यू-बोटींवर (आपल्या पाणबुड्यांवर) स्नॉर्केल बसवली. श्रेय बहुधा जर्मनांनाच दिले जाते. परंतु नेहमीच्या वापरातले पहिले उपकरण डच होते, हे मत अधिक ग्राह्य दिसते.

लाट डोक्यावरून गेली की वरची झडप बंद होते, पण इंजिने हवा ओढतच राहतात आणि ती पाणबुडीच्या आतली. वायुदाबमापकाचा काटा झरझर खाली येतो, कानांना दडे बसतात. दाब ठरलेल्या मर्यादेखाली गेला की इंजिने बंद करावीच लागतात. म्हणून पाणबुडी पाण्यात ठरल्या खोलीवर राखणाऱ्याची चूक सर्वांत आधी इंजिनखोलीला कळते.

भारतीय नौदलाच्या सोव्हिएत बनावटीच्या फॉक्सट्रॉट वर्गातील पहिल्या ‘कलवरी’वर (1967) तीन डिझेल इंजिने होती, प्रत्येकी सुमारे 2000 अश्वशक्तीची. ती क्लचने थेट पाणबुडी ढकलणाऱ्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) दांड्यांना जोडलेली असत. त्यामुळे पाणबुडी चालवणे आणि बॅटरी चार्ज करणे यांचा मेळ इंजिनखोलीतच घालावा लागे. याच वर्गातील ‘कुरसुरा’ विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून जतन केली आहे. मुंबईत माझगाव गोदीत बांधलेल्या नव्या ‘कलवरी’त (2017) 1250 किलोवॉटची दोनच डिझेल इंजिने आहेत. ती फक्त वीज तयार करतात. त्या विजेवर बॅटरीचे प्रत्येकी 750 किलोग्रॅमचे 360 घट चार्ज होतात आणि पंखा विद्युत् मोटर फिरवते. पूर्वी मापकांपाशी उभे राहून टिपायचे बरेचसे आकडे आता नियंत्रण कक्षातील पडद्यावर दिसतात.

एक दुखणे मात्र जुनेच आहे. धुराची झडप गळली की समुद्राचे पाणी सिलिंडरात उतरते. पाणी दाबले जात नाही. तशातच इंजिन सुरू केले तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी सिलिंडरांचे तपासणी कॉक (छोट्या तोट्या) उघडून इंजिन सावकाश फिरवतात आणि कॉकमधून पाणी येते का ते पाहतात.