प्रति युनिट खर्च वाढला: इंधन महागले की प्लांट घसरला?

कोळशावरच्या वीजप्रकल्पात प्रति युनिट खर्च चढला की बोट आधी कोळशाच्या दराकडे जाते. बॉयलरची गळती त्याच दराआड लपून राहते. म्हणून इंधनखर्चाचे दोन भाग पाडा: एका युनिटला लागलेली उष्णता, म्हणजे हीट रेट, आणि त्या उष्णतेचा दर. हीट रेटमधली वाढ गुणिले जुना दर, एवढे प्लांटच्या खाती. दरवाढ गुणिले नवा हीट रेट, एवढे खरेदीच्या.

युनिटला ०.७५ किलो कोळसा आणि उष्मांक, म्हणजे कोळशातून मिळणारी उष्णता, किलोला ४,००० किलोकॅलरी असेल तर हीट रेट ३,००० किलोकॅलरी. तयार झालेल्या विजेतली १० टक्के पंखे, बॉयलरला पाणी देणारे फीड पंप आणि कूलिंग टॉवर खातात. मग बाहेर जाणाऱ्या युनिटमागे ३,३३३. हिशेब याच निव्वळ युनिटवर मांडा. जनरेटरच्या मीटरवर मांडला तर पंप-पंख्यांचा अपव्यय दिसतच नाही.

खरा घोळ उष्मांकात होतो. प्रयोगशाळेचा आकडा बहुधा हवेत वाळवलेल्या नमुन्याचा असतो, कोळसा वाहणाऱ्या बेल्टवर मात्र ओला कोळसा तोलला जातो. अहवालात ४,५००, त्या नमुन्यात ओलावा ६ टक्के आणि बंकरला, म्हणजे बॉयलरच्या कोळसाकोठीला, जाताना एकूण ओलावा १६ टक्के असेल, तर ४,५०० × ८४ ÷ ९४, म्हणजे सुमारे ४,०२०. थेट ४,५०० धरले तर हीट रेट जवळपास १२ टक्के फुगतो आणि नीट चालणारा बॉयलर नाहक बदनाम होतो. नमुना बंकरच्या तोंडाशी घ्या आणि लगेच हवाबंद पिशवीत भरा. उघडा राहिला की सुकतो. बेल्टच्या काट्याचा झीरो रिकामा पट्टा पूर्ण फेरे फिरवून तपासा. रोलरवर चिकटलेली भुकटीही वजन बिघडवते.

एवढे करूनही हीट रेट चढाच असेल तर एअर प्रीहीटरच्या, म्हणजे धुराच्या उष्णतेने बॉयलरची हवा तापवणाऱ्या यंत्राच्या, आधी आणि नंतर धुरातला ऑक्सिजन मोजा. आधी ४ आणि नंतर ७ टक्के आला, तर मधे हवा गळते आहे: सील, ट्यूब पाहा. धुराच्या नुसत्या तापमानावर विसंबू नका. गळतीची थंड हवा मिसळल्याने धूर थंड भासतो, आणि धूर चिमणीकडे ओढणाऱ्या आयडी फॅनचे अँपिअर मात्र वाढतात. मग टर्बाइनमधून आलेली वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरचा व्हॅक्यूम आणि राखेतला न जळलेला कार्बन तपासा.

तुलना सारख्याच लोडवर करा. अर्ध्या लोडवर हीट रेट चढतोच. कारखान्याच्या प्रक्रियेला वाफ जात असेल तर तिचा इंधनातला वाटा आधी वेगळा काढा.