पहिला शब्द म्हणजे कर्ता? नाही!

‘वाक्यातला पहिला शब्द म्हणजे कर्ता’ असं लहान मुलांना वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते चूक आहे, आणि त्यानं मुलं खरंच अडतात.

आमच्या कोल्हापुरात शेजारची तिसरीतली मुलगी ‘मिसळ दादानं खाल्ली’ या वाक्यात मिसळीखाली रेघ मारून बसली होती. विचारलं, ‘खाणारं कोण गं?’ ‘दादा!’ लगेच खोडरबर फिरला. ‘दादानं मिसळ खाल्ली’ म्हणा नाहीतर ‘खाल्ली दादानं मिसळ’, कर्ता दादाच. मराठीत शब्द जागा बदलतात. नातं प्रत्ययावरून आणि अर्थावरून कळतं.

क्रियापद नेहमी कर्त्याप्रमाणे बदलतं, हेही अर्धंच खरं. ‘दादा मिसळ खातो’ इथं तसं होतं. पण दादानं मिसळ खाल्ली, वडा खाल्ला, थालीपीठ खाल्लं. इथं क्रियापद कर्माच्या मागं जातं. हा कर्मणी प्रयोग. हे नाव तिसरीत नाही सांगितलं तरी चालेल.

कर्ता ओळखायला मुलांना आधी क्रियापद शोधू द्या. मग त्याच्या धातूला, म्हणजे मूळ रूपाला, ‘णारा’ जोडून ‘कोण?’ विचारा. ‘रंकाळ्यावर गार वारा सुटला.’ सुटणारा कोण? वारा. रंकाळा पहिला आला खरा, पण त्याला ‘वर’ लागलंय. तो फक्त ठिकाण सांगतो.