टॉप बँडवर ऐकायचं कशाने? पुण्यातल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

पुण्यात चार हॅम (हौशी रेडिओवाले) एकत्र बसले आणि एकशेसाठ मीटर तरंगलांबीच्या टॉप बँडचा विषय निघाला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ऐकायला काय लावलंय? पाठवायला काय लावलंय, हे नंतर. कुणी गच्चीवरच्या लूपचं (तारेच्या कड्याचं) कौतुक करतो, कुणी पाइपाच्या टोकाला बसवलेल्या बोटभर व्हिपचं (छोट्या उभ्या अँटेनाचं). सासवड किंवा शिरूरकडे ज्याची जमीन आहे, त्याच्या बांधावरून दीडशे मीटर तार गेलेली असते. प्रत्येकाचा अनुभव खरा असतो आणि तरी एकाचं दुसऱ्याला पटत नाही. असं का होतं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

आधी शब्दाची हद्द सांगतो, कारण पुणे जिल्ह्यात 'लो फ्रीक्वेन्सी'चे दोन अर्थ नांदतात. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची दुर्बीण आहे. तिथले खगोलशास्त्रज्ञ दीडशे मेगाहर्ट्झलाही लो फ्रीक्वेन्सी म्हणतात आणि त्यांच्या कामात ते बरोबर आहे. हॅमच्या बोलण्यात मात्र 'लो' म्हणजे १.८ मेगाहर्ट्झचा टॉप बँड आणि त्याखालचं सगळं. २००७ च्या जागतिक परिषदेत हौशींसाठी आलेला १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झचा पट्टा आणि २०१२ च्या परिषदेत आलेला ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झचा पट्टा यातच येतात. हे टिपण फक्त ऐकण्याबद्दल आहे.

या बँडांवर रिसीव्हर कमी पडत नाही. बाहेरचाच गोंगाट इतका असतो की अँटेनाची कार्यक्षमता निम्मी झाली तरी सिग्नल आणि क्यूआरएन (वातावरणातली खरखर) दोन्ही सारखेच खाली येतात. गुणोत्तर जागच्या जागी राहतं. म्हणून इथे चांगली अँटेना म्हणजे जास्त आणणारी नव्हे, नको ते न आणणारी. ही समज शंभर वर्षं जुनी आहे. लाँग आयलंडवरच्या रिव्हरहेडला लाँगवेव्हवर काम करणाऱ्या एका अमेरिकन अभियंत्याला आढळलं, की जमिनीपासून थोड्या उंचीवर ताणलेली लांबच लांब तार एकाच दिशेने नीट ऐकते. दूरच्या टोकाला योग्य रोध लावून ते टोक जमिनीला जोडलं की उलट दिशा बंद होते. हीच बेव्हरेज अँटेना. शोधकाचं आडनाव तिला चिकटलं, पेयाशी संबंध नाही. डिसेंबर १९२१ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, आर्ड्रोसन गावाजवळ, सुमारे चारशे मीटरची अशी तार टाकून अमेरिकेतल्या हौशींचे सिग्नल ऐकले गेले. तरंगलांबी दोनशे मीटरच्या आसपास, म्हणजे आजच्या टॉप बँडच्या शेजारचीच. अटलांटिक ओलांडण्याच्या त्या प्रयोगाचं श्रेय बहुतेक जण ट्रान्समीटरला देतात. माझ्या मते निम्मं तरी त्या तारेला द्यायला हवं.

पुण्याचं नाव या इतिहासात १९२७ मध्ये येतं. इंग्लंडशी थेट बिनतारी तारसेवा सुरू झाली तेव्हा ट्रान्समीटर खडकीला आणि रिसीव्हर दौंडला होते. मध्ये रेल्वेने पाऊणशे किलोमीटरच्या आसपास अंतर. पाठवण्याची जागा वेगळी आणि ऐकण्याची वेगळी, हे आपल्याच जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वी करून झालंय. आज एखाद्याने रिसीव्ह अँटेना वेगळी लावली की 'ही काय नवी चैन' असं म्हणणाऱ्यांनी दौंड आठवावं. साम्राज्यभरच्या बिनतारी साखळीची मूळ योजना लाँगवेव्हची होती. १९२४ मध्ये शॉर्टवेव्ह बीमच्या (एका दिशेला रोखलेल्या लहरींच्या) बाजूने निर्णय फिरला. खर्च आणि वेग पाहता तो योग्यच होता. पण लाँगवेव्ह ऐकण्याची मोठी केंद्रं आपल्याकडे उभी राहिली असती, तर खालच्या फ्रीक्वेन्सी ऐकण्याची विद्या इथे पिढ्यान्पिढ्या मुरली असती असं मला वाटतं. तसं झालं नाही. पुढची जवळपास सत्तर वर्षं बहुतेक शॅकमध्ये (हॅमच्या रेडिओच्या खोलीत) एकच डायपोल (मध्यावर केबल जोडलेली साधी तार) दोन्ही कामं करत राहिला. वाड्याच्या छपरापासून समोरच्या झाडापर्यंत जेवढी तार बसेल तेवढी.

चित्र बदललं ते १९९५ ते २००० या पाच वर्षांत. बेव्हरेज टाकायला जागा नसलेल्यांसाठी अमेरिकन हॅम मासिकांत एकामागोमाग एक रचना आल्या. १९९५ मध्ये उलट्या यू आकाराची 'ई-डब्ल्यू-ई', १९९७ मध्ये एकाच मध्यखांबावरून दिशा बदलता येणारा 'के नाइन ए वाय' लूप, आणि २००० पर्यंत 'पेनंट' आणि 'फ्लॅग'. तत्त्व बेव्हरेजच्याच जातीचं: एका ठिकाणी रोध, दुसऱ्या ठिकाणी ट्रान्सफॉर्मर आणि मागची दिशा बंद. यांतून सिग्नल इतका थोडा मिळतो की प्रीॲम्प (सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर) लागतोच, आणि कोॲक्सच्या (अँटेनाच्या केबलच्या) शील्डवरून आलेला कचरा त्या थोड्या सिग्नलला सहज गिळतो. बुधवार पेठेतून, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून फेराइटचे कोर धुंडाळून चोक (केबलवरचा हा कचरा अडवणारं वेटोळं) गुंडाळणं हा उद्योग इथूनच अंगाला लागला. कोरवर मटेरियलचा नंबर नसायचा, म्हणून गुंडाळून आणि मोजूनच तो कामाचा आहे का ते कळायचं.

याच काळात तुलनेसाठी एक मोजमाप रूढ झालं: आरडीएफ. हव्या त्या दिशेचा गेन (त्या दिशेने ऐकण्याची ताकद), वजा सगळ्या दिशांची सरासरी. साधी उभी अँटेना सुमारे ५ डेसिबल, पेनंट आणि के नाइन ए वाय साडेसातच्या आसपास, तरंगलांबीएवढी बेव्हरेज दहाच्या आसपास. आकडे उपयोगाचे आहेत, मीही वापरतो. पण त्यांत एक गृहीतक दडलेलं आहे, की गोंगाट सगळ्या दिशांनी सारखा येतो. मोकळ्या रानात हिवाळ्याच्या रात्री ते बरंचसं खरं असतं. कोथरूडच्या चौथ्या मजल्यावर गोंगाट आकाशातून येतच नाही, तो भिंतीपलीकडून येतो.

आणि इथेच तो शब्द येतो ज्यावर या वादातली सर्वांत जास्त शक्ती खर्च झाली: 'मॅग्नेटिक लूप'.

पहिली अडचण अशी, की या नावाच्या दोन वस्तू आहेत. एक म्हणजे कपॅसिटरने ट्यून केलेला जाड नळीचा, पाठवण्याचा लूप, ज्याला सगळे मॅग लूप म्हणतात. दुसरी म्हणजे मीटरभर व्यासाचा, ट्यून न केलेला आणि बुडाशी ॲम्प्लिफायर असलेला ऐकण्याचा लूप. एकाच्या गुणांची चर्चा दुसऱ्याच्या खात्यावर चढते. 'माझा मॅग लूप ऐंशी मीटरवर बहिरा आहे' आणि 'माझा मॅग लूप शंभर किलोहर्ट्झपासून ऐकतो' ही दोन्ही वाक्यं खरी असू शकतात.

दुसरी अडचण खोल आहे. लूप फक्त चुंबकीय क्षेत्र पकडतो, घरगुती गोंगाट विद्युत क्षेत्राचा असतो, म्हणून लूप शांत असतो, असं समीकरण सर्रास सांगितलं जातं. मीही ते वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलो. ते अर्धंच खरं आहे. दूरवरून आलेल्या लहरीत विद्युत आणि चुंबकीय भागांचं प्रमाण पक्कं बांधलेलं असतं, ३७७ ओहम. त्यातला एक भाग घेऊन दुसरा सोडता येत नाही. दुबईचा सिग्नल लूपला चुंबकीय आणि व्हिपला विद्युत वाटत असेल, पण तो एकच सिग्नल असतो. फरक पडतो तो उगमाच्या जवळ. जवळ म्हणजे किती, तर तरंगलांबी भागिले २π. टॉप बँडला हे अंतर सुमारे २६ मीटर येतं, ४७५ किलोहर्ट्झला शंभर मीटर आणि १३७ किलोहर्ट्झला साडेतीनशे मीटर. म्हणजे जसजसं खाली जावं तसतशी अख्खी सोसायटी, मग अख्खी गल्ली या जवळच्या क्षेत्रात येते. लूप की व्हिप हा प्रश्न वीस मीटर बँडवर फारसा अर्थाचा नाही, पण खाली तो खरोखर महत्त्वाचा होतो.

मात्र जवळचा उगम विद्युत स्वभावाचाच असेल, हे कोण सांगणार? एलईडीच्या स्वस्त ड्रायव्हरमुळे अख्खं वायरिंग रेडिओच्या व्होल्टेजवर वर-खाली होत असेल, तर तिथे व्हिप भरून जाईल आणि लूप वाचेल. लिफ्टच्या मोटरच्या ड्राइव्हमधून जिन्याच्या केबलांच्या वेटोळ्यात प्रवाह फिरत असेल, तर तिथे लूपच जास्त घेईल. दोन इमारतींत दोन उलटे निकाल लागतात आणि दोन्ही प्रामाणिक असतात. एकमेकांचं न पटण्याचं मूळ माझ्या मते इथेच आहे.

शिल्डेड लूपची गोष्टही अशीच. नळीच्या आत तार घातली की नळी विद्युत क्षेत्र अडवते, असं म्हणतात. प्रत्यक्षात प्रवाह नळीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर वाहतो आणि वर ठेवलेल्या फटीत व्होल्टेज तयार होतं. म्हणजे शील्ड हीच अँटेना असते. त्या रचनेचा खरा फायदा म्हणजे दोन्ही बाजू सारख्या राहतात आणि लूपचा नल (ज्या दिशेचं जवळजवळ काहीच ऐकू येत नाही ती दिशा) खोल मिळतो. तोल नीट साधला तर उघड्या तारेचा लूपही तितकाच चांगला वागतो.

आणि खरं काम हा नलच करतो. दिशा शोधणाऱ्यांचा याबाबतीतला जुना अनुभव आपल्या फार उपयोगाचा आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात लूप फिरवून ट्रान्समीटरची दिशा काढत, पण रात्र झाली की दिशा चुकायची. आकाशातून परतलेली लहर वेगवेगळ्या कोनांतून आणि बदलत्या ध्रुवणाने येते, त्यामुळे नल पुसट होतो. त्यावर उपाय म्हणून १९१९ मध्ये उभ्या तारांच्या जोड्यांची निराळी रचना निघाली. त्यांची ती डोकेदुखी आपल्याला वरदान आहे: शेजारच्या सोलर इन्व्हर्टरवर नल धरला तर तो बराचसा गायब होतो, आणि त्याच दिशेने येणारा युरोप आकाशातून येत असल्यामुळे टिकतो. 'मॅग्नेटिक' या शब्दाऐवजी 'फिरवता येणारा' हा शब्द रुळला असता तर कितीतरी लोकांनी लूप कायमचा कठड्याला आवळून टाकला नसता.

व्हिपवाल्यांवरही थोडा अन्याय झालाय. नेदरलँड्समधल्या एका हौशीची छोटी 'मिनी-व्हिप' तिथल्या एका विद्यापीठाच्या छपरावर उभी आहे आणि तिच्यावरून जगभरातले लोक इंटरनेटवर बँड ऐकतात. ती तिथे उत्तम चालते, म्हणून आपल्याकडे खिडकीच्या ग्रिलला बांधली जाते आणि मग नावं ठेवली जातात. पण ही अँटेना स्वतःच्या टोकात आणि जमिनीत असलेला फरक मोजते. कोॲक्सचं शील्ड घरातल्या अर्थिंगशी जोडलेलं असेल, तर 'जमीन' म्हणजे घरातला सगळा कचराच होतो. उंचावर न्यायची, खांबाच्या पायथ्याशी वेगळी अर्थिंग द्यायची आणि घरात येण्याआधी चोक लावायचा, एवढं केलं की तिचं रूप पालटतं.

सगळ्याच ॲक्टिव्ह (ॲम्प्लिफायर असलेल्या) अँटेनांना पुण्यात आणखी एक परीक्षा आहे. इथलं आकाशवाणी केंद्र १९५३ चं, मध्यमलहरीवर ७९२ किलोहर्ट्झ. मुंबईची एक वाहिनी १०४४ वर. दोन्हींची बेरीज १८३६. कच्च्या ॲम्प्लिफायरमध्ये ही बेरीज आपोआप होते आणि टॉप बँडच्या मधोमध दोन कार्यक्रम एकत्र ऐकू येतात. तो सिग्नल हवेत नसतोच, ॲम्प्लिफायरने बनवलेला असतो. ओळखायची खूण सोपी आहे: सहा डेसिबलचा ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) ॲम्प्लिफायरच्या आधी लावला की खरा सिग्नल सहाने उतरतो, हा बनावट बाराने. कात्रज ते निगडी, ठिकाण बदललं की ही परीक्षा सोपी किंवा अवघड होते. म्हणूनच परदेशातला निकाल जसाच्या तसा इथे लागू होत नाही.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत तुलना करायची रीतही बदलली. पूर्वी स्विच फिरवून एस मीटर (सिग्नलची ताकद दाखवणारा काटा) बघत. मीटर जास्त हलवणारी अँटेना जिंकायची आणि बहुतेक वेळा तो विजय गोंगाटाचा असायचा. फेडिंग इतकं असतं की स्विच फिरवेपर्यंत सिग्नलच बदललेला असतो. २००८ मध्ये डब्ल्यूएसपीआर हे सॉफ्टवेअर आलं, दोन मिनिटांच्या खिडकीत सिग्नल-नॉइज गुणोत्तर छापून देणारं. पुढे एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारे रिसीव्हर) स्वस्त झाले आणि दोन अँटेना दोन रिसीव्हरवर एकाच वेळी, रात्रभर, तेच सिग्नल घेत बसवता येऊ लागल्या. सकाळी दोन याद्या समोरासमोर ठेवायच्या. माझ्याकडे कित्येकदा संध्याकाळी आठला लूप पुढे असतो आणि पहाटे चारला मागे, कारण मधल्या वेळात शेजारपाजारचे दिवे आणि चार्जर बंद झालेले असतात. एका संध्याकाळच्या ऐकण्यावरून निकाल देणाऱ्याशी मी आता वाद घालत नाही, त्याच्याकडे रात्रभराची यादी मागतो.

शहरात बँडचा खरा तळ कळण्याची आणखी एक वेळ म्हणजे गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद असते ती. रिसीव्हर बॅटरीवर चालवायचा आणि पूर्ण गल्लीची वीज जाण्याआधी आणि गेल्यानंतर रेकॉर्ड करून ठेवायचं. दिवसा टॉप बँडवर लांबचं काही नसतं, पण गोंगाटाच्या तळातला फरक म्हणजे आपल्या गल्लीचा वाटा, तो थेट डेसिबलमध्ये मिळतो. ही नोंद असेल तर कुठली अँटेना घ्यायची, हा प्रश्न निम्मा सुटलेला असतो.

तारेवाल्यांचं सुख मात्र पूर्वीसारखं राहिलेलं नाही. मुरमाड, खडकाळ जमीन बेव्हरेजला मानवते. जमीन जितकी कमी वाहक तितकी ती चांगली चालते, आणि त्या बाबतीत पुरंदरचा माळ नशीबवान आहे. पण आता शेताशेतात सौर पंपांचे कंट्रोलर बसतायत आणि दिवसभर बँडवर दात घासल्यासारखा आवाज असतो. सूर्य कलला की तो थांबतो आणि नेमका तेव्हाच टॉप बँड उघडायला लागतो. त्यानंतर वस्तीवरचे एलईडी दिवे लागतात, आणि तार कुठल्या बांधावरून न्यायची ते त्या दिव्यांच्या खांबांकडे बघून ठरवावं लागतं.