वेदगंगेतली मरळ आणि रत्नागिरीचं खारं पाणी

यमगर्णीच्या पुलावर आलो तेव्हा तांबडं फुटत होतं. निपाणीहून निघून पुरती दहा मिनिटंही झाली नव्हती. गाडीत आई, मी आणि दहा वर्षांचा भाचा. खिडकीतून वेदगंगा दिसल्याबरोबर तो म्हणाला, "मामा, हिचं पाणी जातंय तिकडंच आपणबी चाललोय न्हवं?"

समुद्राला निघालोय म्हणजे नदीच्या सोबतीनंच, असा त्याचा साधा हिशेब. प्रत्यक्षात आम्ही नदीकडे पाठ करून निघालो होतो. वेदगंगा दूधगंगेला मिळते, दूधगंगा कृष्णेला, आणि कृष्णा सगळं दख्खन ओलांडून आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरात पोचते. आम्ही मात्र कोल्हापूरवरून आंबा घाट उतरून अरबी समुद्राकडे. घाटमाथ्यावर गाडी थांबवून मी त्याला दोन्ही बाजू दाखवल्या. इकडं पडलेला पाऊस कडवी नदीतून वारणेत आणि पुढं कृष्णेत जातो. तिकडं उतरलेला पाऊस काजळी नदीनं थेट रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीत. एकाच सरीतले थेंब, पण दोन वेगळे समुद्र.

रत्नागिरीत झाडगावला दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र आहे. तिथलं मत्स्यालय सगळ्यांना बघायला मिळतं. देवमाशाचा सांगाडा बघून कुणीही थबकतं, तसे आम्हीही थबकलो. पण भाचा खरा रमला तो सिंहमाशाच्या काचेपाशी. तपकिरी-पांढरे पट्टे, पंख्यासारखे पसरलेले पर, पाठीवर विषारी काटे; आणि तोंड एकसारखं उघडतंय, मिटतंय.

"मामा, त्यो पाणी पितोय काय?"

मी म्हणालो, श्वास घेतोय. तोंडातून घेतलेलं पाणी कल्ल्यांवरून बाहेर जातं आणि जाताजाता त्यातला प्राणवायू रक्तात उतरतो. पण पोराचा प्रश्न माझ्या उत्तरापेक्षा चांगला होता. कारण तो मासा खरोखरच पाणीही पीत होता.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे चहाचे साधारण सहा चमचे मीठ. माशाच्या रक्तातला खारटपणा याच्या जेमतेम एक तृतीयांश. काकडी चिरून मीठ लावून ठेवली की थोड्या वेळात ताटलीत पाणी सुटतं. जिकडं मीठ जास्त, तिकडं पाणी ओढलं जातं. समुद्रातला मासा म्हणजे जन्मभर मीठ लावून ठेवलेली काकडी. प्राणवायू आत यावा म्हणून कल्ल्यांची त्वचा अतिशय पातळ असावी लागते, आणि तिथूनच त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर झिरपतं. चहूकडं पाणी असून त्याला तहान लागलेली असते. म्हणून तो समुद्र पितो.

होमर स्मिथ या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञानं हे १९३० साली दाखवून दिलं. त्यांनी ईल, म्हणजे सापासारखे लांबट मासे, रंग मिसळलेल्या खाऱ्या पाण्यात ठेवले. नंतर तो रंग माशांच्या आतड्यात साठलेला सापडला. पाणी शरीरानं शोषून घेतलं होतं, रंग मागं उरला होता. मग पाण्याबरोबर आत गेलेल्या मिठाचं काय? त्याचं उत्तर पुढच्या एक-दोन वर्षांत अँसेल कीज यांनी शोधलं, तेही ईलच्याच कल्ल्यांवर प्रयोग करून. कल्ल्यांत खास पेशी असतात, त्या रक्तातलं मीठ उपसून परत समुद्रात टाकतात. विहिरीवरच्या मोटरीसारखं हे काम अखंड चालतं आणि त्यासाठी माशाला खाल्लेल्या अन्नातली ऊर्जा खर्च करावी लागते. आपल्याकडं ही सोय नाही. आपली मूत्रपिंडं इतकं मीठ बाहेर काढू शकत नाहीत, म्हणून समुद्राचं पाणी प्यालेल्या माणसाची तहान उलट वाढते.

आता वेदगंगेतली मरळ. तिची गत नेमकी उलटी. नदीच्या पाण्यात मीठ नावापुरतं, रक्तात जास्त. म्हणजे ती भिजत घातलेल्या बेदाण्यासारखी. पाणी आपोआप आत घुसतं. म्हणून ती पाणी पिण्याच्या फंदात पडत नाही, भरपूर पातळ मूत्र टाकत राहते आणि नदीतलं कणकण मीठ कल्ल्यांनी आत ओढून घेते. भाच्यानं पुढच्याच काचेपाशी विचारलं, "मरळ आणून हितं सोडली तर जगंल काय?" जगणार नाही. तिची सगळी यंत्रणा पाणी बाहेर फेकायला आणि मीठ जपायला बसलेली. समुद्रात तीच यंत्रणा तिला सुकवून मारेल.

आई इतका वेळ गप्प ऐकत होती. ती म्हणाली, "मग मोरी कुठलं पाणी पिती? शिळी असली तर नाकात जाती की." आईचं हे बाजारातलं निरीक्षण थेट विषयाच्या मुळाशी जातं. मोरी म्हणजे शार्क. आपण जो युरिया मूत्रावाटे टाकून देतो, तो ही जात रक्तात मुद्दाम राखून ठेवते. त्यामुळं रक्ताची तीव्रता समुद्राच्या तोडीस तोड होते आणि पाणी बाहेर झिरपायचं कारणच उरत नाही. मासा मेल्यावर जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात. नाकात जातो तो हाच.

समुद्री कासवाची तऱ्हा आणखी वेगळी. डोळ्यांमागच्या ग्रंथींतून ते दाट खारट पाणी गाळतं. वाळूवर अंडी घालायला आलेली मादी रडताना दिसते, ती खरं तर मीठ टाकत असते.

मला सगळ्यात जास्त नवल मात्र अहिराचं वाटतं. अहीर म्हणजे आपल्याकडचा ईल. तो नदीत वाढतो, वर्षानुवर्षं गोड्या पाण्यात राहतो आणि अंडी घालायला आयुष्यात एकदाच समुद्राकडं निघतो. म्हणजे अर्धं आयुष्य बेदाणा, नंतर काकडी. त्यासाठी त्याला कल्ल्यांतल्या मोटरी उलट्या फिरवाव्या लागतात: जे मीठ आत घेत होता, ते बाहेर टाकायचं; जे पाणी फेकत होता, ते प्यायचं. हा बदल संप्रेरकांच्या इशाऱ्यावर होतो. त्यातलं गोड्या पाण्यासाठी लागणारं प्रोलॅक्टिन आपल्या शरीरातही असतं, बाळंतिणीला दूध येतं ते त्याच्यामुळं. स्मिथ आणि कीज या दोघांनीही ईलच का निवडला, तेही यातून उमगतं. दोन्ही पाण्यांत जगणारा प्राणी प्रयोगाला दुसरा कुठं मिळायचा?

परत येताना यमगर्णीच्या पुलावर अंधार होता. भाचा जागाच होता.

"मामा, हितनं अहीर निघाला तर समुद्रात पोचंल काय?"

मी कृष्णेवरची धरणं मोजायला लागलो. अलमट्टी, नारायणपूर, जुराळा, श्रीशैलम, नागार्जुनसागर, मग विजयवाड्याचा बंधारा. तो बोटं मोडत होता. सहा झाल्यावर म्हणाला, "म्हंजे मिठापत्तर जायालाच मिळंना त्याला."