टोकियोत सुशी: फिरत्या पट्ट्यावरची आणि काउंटरवरची

टोकियोत एकाच गल्लीत सुशीची दोन दुकानं सापडतात. एकात पोटभर खाऊन माणशी 1,500 ते 2,000 येन होतात. दुसऱ्यात रात्रीच्या जेवणाला 20,000 ते 40,000 येन मोजावे लागतात. पहिलं कैतेन-झुशी, म्हणजे फिरत्या पट्ट्याचं दुकान. दुसरं एदोमाए, म्हणजे जुन्या टोकियोच्या पद्धतीचं, आठ-दहा खुर्च्यांचं लाकडी काउंटर. नवख्याला वाटतं की वस्तू तीच, एकीकडे स्वस्त आणि दुसरीकडे महाग. तसं नाही. दोन्हीकडे भातावर मासाच असतो, पण कामाची वाटणी उलटी असते. पट्ट्याच्या दुकानात काय खायचं, कोणत्या क्रमानं, सोया सॉस किती, वसाबी ही झणझणीत हिरवी चटणी घ्यायची की नाही, हे सगळं खाणाऱ्याकडे. काउंटरवर ते बहुधा सगळं कारागिराकडे, आणि खाणाऱ्याकडे एकच काम उरतं: समोर ठेवलेला घास लगेच तोंडात टाकणं.

काउंटरची पद्धत जुनी. 1820 च्या दशकात एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, र्‍योगोकु भागात हानाया योहेइ यानं निगिरी, म्हणजे हातानं दाबलेल्या भातावर मासा ठेवलेली सुशी, विकून ती लोकप्रिय केली, असं मानलं जातं. बर्फ नव्हता, त्यामुळे मासा टिकवण्यासाठी त्यावर आधी काहीतरी करावं लागे. कोकणात मासळी खारवून सुकवतात त्यामागे हीच गरज आहे. कोहादा हा तारलीच्या कुळातला छोटा मासा आधी मिठात आणि मग व्हिनेगरमध्ये ठेवतात. आनागो, म्हणजे आपल्या वामेसारखा मासा, मंद शिजवून त्यावर आटवलेला गोडसर रस लावतात. कुप्याच्या (ट्यूनाच्या) जातीचा लाल मासा सोया सॉसमध्ये मुरवतात. आज बर्फ आहे, फ्रीज आहे, तरी हे काम सुटलेलं नाही, कारण चव त्यातच आहे. म्हणून चांगल्या काउंटरची पारख ताजेपणापेक्षा कोहादावर करावी. मीठ आणि व्हिनेगरची वेळ थोडी चुकली तरी तो एकतर खारट-आंबट होतो, नाहीतर वास मारतो.

भाताचंही तसंच. काउंटरवरचा भात अंगाइतका कोमट असतो आणि इतका हलका दाबलेला, की बोटांत टिकतो पण जिभेवर सुटतो. काही ठिकाणी तो तपकिरी दिसतो. तो हातसडीचा तांदूळ नव्हे. साके या तांदळाच्या दारूच्या चोथ्यापासून केलेल्या लाल व्हिनेगरचा तो रंग. असा घास दोन-तीन मिनिटं पडून राहिला की भात गार होतो, मासा कोमट होतो आणि दोन्ही बिघडतात. फोटो काढायचा असेल तर आधी विचारावं आणि एकच काढावा.

पट्ट्याची कल्पना योशिआकी शिराइशी यांची. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहून त्यांनी 1958 मध्ये हिगाशी-ओसाका इथे पहिलं दुकान काढलं. पट्ट्याचा वेग सेकंदाला सुमारे 8 सेंटीमीटर ठेवला. त्याहून जोरात फिरला तर ताटली उचलता येत नाही आणि मासा सुकतो, फार हळू फिरला तर गिऱ्हाईक कंटाळतं. 1970 च्या ओसाकातल्या जागतिक प्रदर्शनानंतर ही दुकानं देशभर पसरली. 1981 मध्ये भाताचे गोळे पाडणारं यंत्रही आलं. आज मोठ्या साखळ्यांत भात यंत्रच पाडतं: एकसारखा, थोडा घट्ट आणि बहुधा गोडसर. मासा बराचसा गोठवून आणलेला असतो. तो उणेपणा मानायचं कारण नाही. उणे 20 अंशांवर 24 तास ठेवल्यानं आनिसाकिस नावाचा परजीवी किडा मरतो, आणि कुप्यासारखा मासा महागड्या दुकानांतही पुष्कळदा गोठवलेलाच असतो.

सर्वांत मोठा गोंधळ सॅमनवरून होतो. पट्ट्याच्या दुकानात तो सर्वांचा लाडका. पण जपानमध्ये कच्चा सॅमन सुशीवर आला तो 1980 च्या दशकात नॉर्वेनं केलेल्या प्रचारानंतर. एदोमाए परंपरेत तो नाही. त्यामुळे अनेक काउंटरांवर तो ठेवतच नाहीत आणि मागणाऱ्याची पंचाईत होते. भारतात रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण तो मासाच वेगळा.

ओळखायचं कसं? पट्टा फिरतो का, एवढं बघून आता चालत नाही. 2023 च्या सुरुवातीला काही गिऱ्हाइकांनी पट्ट्यावरच्या सुशीशी आणि सॉसच्या बाटल्यांशी केलेल्या घाणेरड्या चाळ्यांच्या चित्रफिती पसरल्या. त्यानंतर अनेक साखळ्यांनी मोकळ्या ताटल्या फिरवणं थांबवलं. आता पडद्यावर मागणी नोंदवली की ताटली सरळ रुळावरून तुमच्यासमोर येऊन थांबते. दाराशी नंबर देणारं यंत्र, ताटल्यांच्या रंगानुसार भाव, टेबलावर सोया सॉस आणि गरम पाण्याचा नळ दिसला की ते कैतेनच. तो नळ हात धुवायचा नव्हे. कपात हिरव्या चहाची पूड टाकून कप नळाच्या बटणावर दाबायचा. पाणी कढत असतं, आणि हात धुवायला जाणारे नवखे पोळतात.

भाव ताटलीमागे साधारण 120 ते 150 येनपासून सुरू होतो, शहराच्या मध्यभागी जास्त. एका ताटलीत बहुधा दोन घास. मोठ्या साखळ्यांत वसाबी आधी लावलेली नसते, पुडीतून घ्यायची. एकदा उचललेली ताटली परत ठेवायची नाही. शेवटी पडद्यावर हिशोबाचं बटण दाबायचं. सोया सॉस भाताला नव्हे, माशाला लावावा: घास आडवा करून माशाची कड बुडवायची. भात बुडवला की तो फुटतो आणि खारट होतो.

काउंटरवर मात्र बुडवायचंच नाही, जर कारागिरानं वरून आटवलेला सोया आधीच लावला असेल तर. लावला नसेल तर तो तसं सांगतो. वसाबी आत असते. नको असल्यास ‘साबी-नुकी’ म्हणावं. हातानं खाल्लेलं चालतं. ओमाकासे म्हणजे निवड कारागिरावर सोपवणं: हलक्या पांढऱ्या माशापासून चरबीदार माशाकडे, शेवटी अंड्याची वडी आणि समुद्री शेवाळातली भाताची गुंडाळी. ओकिमारी म्हणजे ठरलेलं ताट, ओकोनोमी म्हणजे एकेक मागवणं. ओकोनोमीत पाटीवर ‘जिका’ लिहिलेलं दिसलं तर भाव त्या दिवशीच्या बाजारावर ठरतो. आधी विचारावा, नाहीतर बिलात धक्का बसतो. अत्तर लावून जाऊ नये, कारण शेजाऱ्याचंही जेवण बिघडतं. अनेक ठिकाणी सगळ्यांचं जेवण एकाच वेळी सुरू होतं, म्हणून दहा मिनिटांचा उशीरही महागात पडतो, आणि ऐनवेळी रद्द केल्यास पैसे भरावे लागू शकतात. बिल मागताना ‘ओआइसो’ म्हणू नये, तो दुकानदारांचा आपसातला शब्द, ‘ओकाइकेइ’ म्हणावं. टीप द्यायची नसते.

टोकियोत पहिल्यांदा येणाऱ्यानं थेट 30,000 येनच्या ओमाकासेवर उडी मारू नये. जिभेला तुलना करायला काही हवं. आधी साखळीच्या दुकानात जावं, मग वस्तीतल्या एखाद्या काउंटरवर दुपारचं ओकिमारी घ्यावं. रात्रीच्या मानानं ते पुष्कळ स्वस्त पडतं आणि भातातला फरक तिथेच कळतो. मधला मार्गही आहे. होक्काइदो या उत्तरेकडच्या बेटावरून आलेल्या नेमुरो हानामारू किंवा तोरितोन यांसारख्या दुकानांत पट्ट्याची व्यवस्था असते, पण सुशी माणसं वळतात. रांग मात्र लांब असते, म्हणून जेवणाची वेळ टाळून जावं.

शाकाहारी माणसाला ओमाकासे जवळपास अशक्य. कैतेनमध्ये कप्पा-माकी, म्हणजे काकडीची गुंडाळी, मिळते, पण इनारी (तळलेल्या टोफूच्या पिशवीतला भात), कानप्यो (सुकवलेल्या दुधीच्या पट्ट्या), अंड्याची वडी आणि मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण) सूप यांत बहुधा सुक्या माशाचा अर्क असतो. ॲलर्जी किंवा पथ्य असेल तर काउंटरला जागा राखतानाच सांगावं. खुर्चीत बसल्यावर सांगून उपयोग नाही, तोवर मासा तयार झालेला असतो. आणि वार पाहून जावं: टोकियोतला तोयोसूचा घाऊक मासळी बाजार रविवारी आणि बऱ्याच बुधवारी बंद असतो, त्यामुळे अनेक काउंटरही त्या दिवशी बंद असतात.