डिसर्नमेंट : कठीण निर्णय घ्यायची इग्नेशियसची पद्धत

डिसर्नमेंट म्हणजे देवाची इच्छा ओळखून निर्णय घेणं. लग्न करायचं की व्रतस्थ व्हायचं, नोकरी सोडायची की टिकायचं, असा प्रश्न आला की ख्रिस्ती माणूस प्रार्थना करतोच, पण प्रार्थना झाल्यावर पुढे नेमकं काय करायचं हे नीट सांगितलं ते स्पेनमधल्या बास्क प्रांतातल्या संत इग्नेशियस लोयोलाने.

1521 मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला आणि तो अंथरुणाला खिळला. सरदारांच्या शौर्यकथा मागितल्या तर घरात त्या नव्हत्याच, मिळालं ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. मग पडल्यापडल्या कधी एका बड्या घरच्या बाईची स्वप्नं बघायचा, कधी संत फ्रान्सिससारखं जगायची. बघताना दोन्हीत मजा यायची पण पहिलं सरलं की मन कोरडं पडायचं, दुसऱ्यानंतर प्रसन्नच राहायचं. सगळी पद्धत या एका फरकातून उगवलीये.

लगेच जमलं असं मात्र नाही. 1522 मध्ये मोंतसेरातच्या मठाकडे जाताना वाटेत एक मुसलमान प्रवासी येशूच्या आईबद्दल, मरियेबद्दल, काही बोलून पुढे गेला, इग्नेशियसला राग आला, गाठून खंजीर मारावा की सोडावं ते ठरेना, शेवटी त्याने खेचराचा लगाम सैल सोडला, तो प्रवासी गेला त्या गावाकडे वळलं तर मारायचं, हमरस्त्याने गेलं तर सोडायचं. गावाची वाट चांगली रुंद होती तरी खेचर हमरस्त्याने गेलं. ही गोष्ट त्याने उतारवयात स्वतःच सांगितलीये. आपण डोळे मिटून बायबल उघडतो, बोट ठेवतो आणि येईल तो कौल मानतो, ते मला तरी खेचरावर सोडण्यासारखंच वाटतं.

पुढे स्पेनमधल्याच मान्रेसा गावातल्या अनुभवातून त्याची साधनेची पुस्तिका तयार होत गेली, तिला 1548 मध्ये पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिली. जेझुइट, म्हणजे इग्नेशियसच्या संघाचे फादर, रिट्रीट (एकांतातली प्रार्थना-साधना) देतात ते याच आधारावर. त्यात आधी मन मोकळं करायचं, म्हणजे श्रीमंती-गरिबी, मान-अपमान, कशाचाच हट्ट धरायचा नाही, आणि हेच सगळ्यात अवघड. पर्याय दोन्ही चांगले हवेत, पाप करू की नको हा डिसर्नमेंटचा विषयच नाही. मग फायदे-तोटे मांडायचे, आणि कधीही न भेटलेला एखादा माणूस याच पेचात असता तर त्याला काय सांगितलं असतं ते बघायचं, मरणाच्या क्षणी कुठला निर्णय घेतलेला बरा वाटेल तेही बघायचं. ठरलेलं परत देवापुढे ठेवायचं.

सगळ्यात उपयोगी नियम उदासीचा आहे : मन अंधारलेलं असताना आधी शांतपणे ठरवलेलं बदलायचं नाही. रात्री दोन वाजता राजीनामा टाइप करत बसलेल्या माणसाला हा एवढाच नियम पुरे.

1539 मध्ये रोममध्ये इग्नेशियस आणि सोबत्यांनी हीच रीत एकत्र वापरली. आपल्यातल्या एकाची आज्ञा पाळायचं व्रत घ्यायचं का, हा प्रश्न होता. दिवसा कामं, प्रत्येकाची वेगळी प्रार्थना, एकमेकांचं मन वळवायला मनाई, आणि संध्याकाळी एके दिवशी सगळ्यांनी फक्त विरोधातली कारणं सांगायची, दुसऱ्या दिवशी फक्त बाजूची. सगळे प्रश्न सुटायला जवळजवळ तीन महिने लागले पण शेवटी एकमत झालं. पुढच्याच वर्षी भारतात जायला नेमलेला सोबती आजारी पडला आणि दुसऱ्या सोबत्याला, फ्रान्सिस झेवियरला, विचारलं गेलं, तो लगेच निघाला, 6 मे 1542 ला गोव्यात उतरला.