मॉर्मन मिशनऱ्यांचे परदेशातील सणवार

‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या पंथाचे तरुण प्रचारक घरापासून दूर, पुष्कळदा परक्या भाषेच्या मुलखात, सेवाकाळात येणारे सण कसे घालवतात यासंबंधीची ही नोंद. जोसेफ स्मिथ याने ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात हा पंथ स्थापन केला. त्याचे मुख्यालय अमेरिकेतील यूटा राज्यात, सॉल्ट लेक सिटी येथे आहे. ‘मॉर्मन’ हे लोकांनी पाडलेले नाव. ते वापरू नये, असे आवाहन तत्कालीन अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी २०१८ मध्ये केले, पण बोलण्यातून ते गेलेले नाही.

मुलगे वयाच्या अठराव्या वर्षापासून २ वर्षांसाठी आणि मुली १८ महिन्यांसाठी सेवेला जातात. खर्च स्वतःचा किंवा घरच्यांचा असतो. कुठे जायचे ते मात्र मुख्यालय ठरवते. २०२४ अखेर असे ७४ हजारांहून अधिक प्रचारक जगभर होते. छातीवर काळी नामपट्टी, सोबत चोवीस तास एक जोडीदार, आणि नावाऐवजी ‘एल्डर’ किंवा ‘सिस्टर’ लावून आडनाव. एल्डरच्या वाट्याला दोन नाताळ ठरलेलेच. सिस्टरचे गणित निघण्याच्या महिन्यावर अवलंबून असते : जानेवारीत निघाली तर एक नाताळ, जुलैत निघाली तर दोन.

या पंथाचे स्वतःचे पंचांग फार मोकळे आहे. कॅथलिकांप्रमाणे उपवासकाळ, संतांचे दिवस किंवा नाताळच्या मध्यरात्रीची मिस्सा येथे नाही. येशूचा खरा जन्मदिवस ६ एप्रिल, असे मानणारेही अनेक सदस्य आहेत. तरी नाताळ २५ डिसेंबरलाच होतो. त्यामुळे प्रचारक सोबत घेऊन जातो ते विधी नव्हेत, तर घरच्या आठवणी. सणाची बाकी सगळी सामग्री त्याला यजमान देशाकडूनच मिळते.

ती घेण्यालाही नियमांची चौकट आहे. सकाळी साडेसहाच्या सुमारास उठणे, रात्री नऊ-साडेनऊपर्यंत खोलीवर परतणे, साडेदहाला दिवे बंद; देशागणिक यात थोडा फरक पडतो. आठवड्यातला एक दिवस, बहुधा सोमवार, कपडे धुणे, बाजारहाट आणि पत्रे यांसाठी राखलेला असतो. सणाला हक्काची सुट्टी नसते. डिसेंबरात बहुतेक मिशनांत (मिशन म्हणजे एका अध्यक्षाच्या देखरेखीखालचा प्रचारकांचा विभाग) सगळ्यांना एकत्र जमवून जेवण, नाटुकली आणि भेटींची अदलाबदल होते. घरून पाठवलेले खोके तोवर पोचलेले असेलच असे नाही.

या सणांचे खरे केंद्र बराच काळ टेलिफोन होते. घरी फोन करण्याची मुभा वर्षातून दोनदाच मिळे : नाताळला आणि मदर्स डेला. किती वेळ बोलायचे, तेही मिशनचे अध्यक्ष ठरवून देत. प्रचारकाच्या खोलीवर फोन नसेल तर एखाद्या स्थानिक सदस्याच्या दिवाणखान्यात, जोडीदाराच्या आणि घरातल्या माणसांच्या देखत बोलावे लागे. वर्षभर स्पॅनिश किंवा जपानी बोललेल्या मुलाला आईशी बोलताना इंग्रजी शब्द आठवत नसत, ही त्या काळची ठरलेली गंमत. १५ फेब्रुवारी २०१९ रोजी हा नियम बदलला आणि दर आठवड्याला फोन किंवा व्हिडिओवर बोलण्यास परवानगी मिळाली. मुलांचे हाल कमी झाले यात शंका नाही. पण नाताळच्या फोनभोवती साचलेली अपूर्वाईही त्याच दिवशी संपली, आणि जुने प्रचारक तिच्याबद्दल थोड्या हळहळीनेच बोलतात.

फिलिपिन्समध्ये हा सण आणि नियम यांची गाठ विशेष कठीण पडते. पंथाचे काम तेथे १९६१ पासून नेटाने चालू आहे. तेथे नाताळची चाहूल सप्टेंबरातच लागते. १६ डिसेंबरपासून पहाटेच्या मिस्सा सुरू होतात आणि २४ तारखेच्या मध्यरात्री ‘नोचे बुएना’चे जेवण होते. घराघरांतून बोलावणी येतात, पण जेवणाची पाने मांडली जातात तेव्हा प्रचारकाने अंथरुणात असायला हवे. म्हणून यजमान त्याला संध्याकाळीच वाढून देतात, किंवा डबा बांधून देतात. नववर्षाच्या रात्री फटाक्यांनी गल्ली हादरत असताना दिवे मालवून पडून राहणे ही शिस्तीची खरी परीक्षा. दारू पिऊन रस्त्यावर उतरलेली गर्दी पाहता त्यात सुरक्षिततेचा विचारही आहे.

जपानमध्ये परिस्थिती उलटी. २५ डिसेंबर हा तेथे कामाचा दिवस. १९७४ च्या जाहिरात मोहिमेपासून केएफसीचे तळलेले चिकन आणि क्रीमचा केक हाच लोकांचा नाताळ झाला आहे. खरा सण नववर्षाचा, आणि तो घरच्यांचा. अशा दिवसांत अनोळखी दार ठोठावणे शोभत नाही, म्हणून प्रचारकांना रिकामपण खायला उठते. दक्षिण गोलार्धात नाताळ ऐन उन्हाळ्यात येतो. ब्राझील किंवा ऑस्ट्रेलियात सगळे गाव समुद्रावर असते, आणि प्रचारकांना पोहण्याची मनाई असते.

१८३३ च्या आहारनियमानुसार मद्य, तंबाखू, कॉफी आणि चहा वर्ज्य आहेत. जर्मनीतल्या नाताळ बाजारात त्यामुळे गरम मसालेदार वाइनऐवजी लहान मुलांसाठीचे ‘किंडरपुन्श’ घ्यावे लागते. जपानमध्ये हिरव्या चहाऐवजी जवाचा ‘मुगिचा’ चालतो.

अमेरिकी सणांपैकी थँक्सगिव्हिंगला टर्की मिळाली नाही की कोंबडीवर भागवतात. २४ जुलैचा पायोनियर डे हा १८४७ साली स्मिथनंतरचा पंथप्रमुख ब्रिगहॅम यंग सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचल्याचा दिवस. यूटात त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. दूरदेशी तो साजरा होतो तेव्हा ज्यांच्या पूर्वजांनी ते वाळवंट कधी पाहिले नाही अशी मुले जुन्या पद्धतीच्या टोप्या घालून मिरवतात.

घराच्या ओढीने कामातून लक्ष उडालेल्या प्रचारकाला त्यांच्या बोलीत ‘ट्रंकी’ म्हणतात, म्हणजे मनाने पेटी भरून बसलेला. डिसेंबर हा ट्रंकी होण्याचा हंगाम.

भारतात या पंथाचे प्रचारक १८५१ मध्ये कोलकात्यात आले. ह्यू फिंडले १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि नंतर पुण्यातही राहिला. हे काम काही वर्षांतच आटोपले. आजच्या व्यवस्थेतील बंगळूर मिशन १९९३ चे आहे. येथील प्रचारकांना दिवाळीत मराठी घरी बोलावणे आले, तर चकली-करंजीला त्यांची ना नसते. मागून येणारा चहा तेवढा परत जातो.